नवस फेडायचा आहे, पण बाबांनी दारू सोडली आहे

पत्र: ताई, आम्ही अक्कलकुवा तालुक्यातले. तीन वर्षांपूर्वी बाबा लिव्हरच्या आजाराने दवाखान्यात होते, पोटात पाणी झालं होतं. घरी येतील याची आशा कोणालाच नव्हती. तेव्हा काकांनी देवमोगऱ्याच्या याहामोगी देवीला नवस बोलला, की भाऊ उठून घरी आला तर बोकड, हिजारी म्हणजे नव्या धान्याची टोपली आणि मोहाच्या दारूची धार घेऊन येऊ. बाबा घरी आले. तेव्हापासून त्यांनी दारूला हात लावलेला नाही. यंदा शिवरात्रीच्या यात्रेत नवस फेडायचं ठरलं आहे. काका म्हणतात, ज्याच्या जिवासाठी नवस बोलला त्यानेच धार द्यायची आणि देवीचं म्हणून घोटभर घ्यायचं, नाहीतर नवस पोचत नाही. लहान भाऊ पुण्याला शिकतो. तो म्हणतो, ही सगळी अंधश्रद्धा आहे, नारळ-अगरबत्ती करून या. आई काहीच बोलत नाही, पण रात्री जागी असते. मी नंदुरबारला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. देवी रागावेल याची भीती मलाही वाटते आणि बाबा परत प्यायला लागतील याचीही. मी काय करू?

बेटा, तुझं उत्तर आधी सांगते. बाबांनी एक थेंबही घेऊ नये, देवीचा म्हणूनही नाही. नवस मात्र बोलला तसाच फेडा, मोहाच्या धारेसकट. आणि ती धार काकांनी द्यावी.

मी सपाटीवरची आहे, तुमच्या समाजातली नाही. तुमच्या देवीला काय चालतं आणि काय नाही, हे ठरवायचा अधिकार माझा नाही. तो तुमच्या पुजाऱ्याचा आणि घरातल्या जुन्या माणसांचा. पण अक्कलकुवा-धडगावकडच्या पाड्यांवर माझं बरंच जाणं-येणं झालं आहे. तिथे लग्नं पाहिली, तुटलेली नाती जोडणारे पंच पाहिले, नव्या धान्याची पूजा पाहिली. ते पाहून मला जे कळलं, ते तुला सांगते.

दारू पिण्याआधी सांडली जाते, हे तूही लहानपणापासून बघत आली असशील. जुना माणूस उकिडवा बसतो, पळसाच्या पानाचा दोना हातात घेतो आणि जमिनीवर थेंब सोडत नावं घेतो. त्यात कणसरी, म्हणजे धान्याची देवी, येते, डोंगर येतो, गावाचा देव येतो, गेलेले वाडवडील येतात. त्या वेळी कोणी मोठ्याने बोलत नाही. नावं संपली की दोना फिरतो आणि मग गप्पा, हसणं, ढोल. या दोन गोष्टी एकामागोमाग होतात म्हणून एकच वाटतात, पण त्या एक नाहीत. देवाचा वाटा जमिनीत गेला तिथे देवाचं काम झालं. पुढचा दोना माणसांचा, एकमेकांसाठीचा.

काकांचा आग्रह त्या दुसऱ्या दोन्यात आहे, असं मला वाटतं. तुमच्याकडे भांडण मिटलं की एकत्र पितात, सोयरीक ठरली की एकत्र पितात, माणूस गेला की त्याच्या नावाने पितात. ज्याने दोना नाकारला त्याने नातं नाकारलं, असा त्याचा अर्थ लागतो. काकांनी भावाचा जीव देवीकडून मागून आणला. तोच भाऊ देवीसमोर काकांच्या हातचा दोना बाजूला सारणार, हे त्यांना सोसत नसेल. ‘नवस पोचत नाही’ या बोलण्यामागे हे दुखणं असू शकतं. तू त्यांच्याशी बोलायला बसशील तेव्हा हे मनात ठेव, म्हणजे वाद न घालता बोलता येईल.

आता तुझ्या भावाचं. तो बाबांच्या काळजीनेच बोलतो आहे, पण नारळ-अगरबत्तीचा तोडगा मला पटत नाही. मोहाची धार ही त्या देवीच्या पूजेतली मूळची गोष्ट आहे. मोहाचं झाड फाल्गुन-चैत्रात फुलतं, रात्रीतून फुलं गळतात आणि बायका-पोरं पहाटे टोपल्या घेऊन वेचायला जातात. वाळवलेली फुलं वर्षभर पुरतात. दुष्काळात याच फुलांनी सातपुड्यातली माणसं जगवली आहेत. फळाच्या बियांचं तेल निघतं, ते वेगळंच. शिवरात्रीच्या वेळी झाडाला नवं फूल यायचं असतं, म्हणून जुन्या साठवणीतल्या फुलांची दारू काढतात. याहामोगी ही भुकेच्या काळात लेकरांना जगवणारी आई. तिला नव्या धान्याची हिजारी आणि मोहाची धार देणं म्हणजे जंगलाने आणि शेताने दिलेलं आधी तिला दाखवणं. आम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतो, आगारी म्हणजे विस्तवावर घास टाकतो, त्यामागचा भावही यापेक्षा निराळा नाही.

त्याला हेही सांग, की उज्जैनच्या काळभैरवाला रोज दारूचा नैवेद्य असतो. पुजारी बशीत ओतून ती मूर्तीच्या तोंडाला लावतो, आणि रांगेत शिकलेली, शहरातली माणसं बाटली घेऊन उभी असतात. आपल्या खानदेशातूनही कितीतरी जण जातात. तिथे तिला नैवेद्य म्हणायचं आणि देवमोगऱ्याला मागासलेपण म्हणायचं, हा अन्याय आहे. पुण्यात राहून तुझ्या भावाला आपल्या माणसांची लाज वाटायला लागली असेल, तर त्यात त्याची चूक कमी आणि आजूबाजूच्यांची जास्त.

पण काकांनाही एक गोष्ट ऐकवायला हवी, आणि ती त्यांच्याच मातीतली आहे. दारू सोडणं हे बाहेरच्या शिकलेल्या लोकांनी आदिवासींना शिकवलेलं नाही. घरोघरी सणापुरती निघणारी मोहाची दारू इंग्रजांच्या अबकारी कायद्याने, म्हणजे मुंबई इलाख्यात १८७८ पासून, चोरटी ठरली. गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क ठेकेदाराकडे गेला. देवाला लागणारी वस्तू दुकानातून विकत घ्यायची वेळ आली, उधारी वाढली आणि उधारीत जमिनी गेल्या. मग १९२२ च्या सुमारास देवीची चळवळ आली. अंगात येणारी देवी गावोगाव सांगू लागली, की दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराकडे काम करू नका. सुरत जिल्ह्यात, डांगात, आपल्या पश्चिम खानदेशात हजारो माणसांनी ते ऐकलं. सोडा म्हणणारी देवीच होती, हे काकांना आवर्जून सांग.

त्यानंतर तळोद्याकडचे गुलाम महाराज. १९३० च्या दशकात त्यांच्या आरतीला भिल्ल समाजाचे लोक हजारोंनी जमायचे, एकमेकांना ‘आप की जय’ म्हणायचे आणि दारू सोडल्याची शपथ घ्यायचे. १९३८ मध्ये महाराज गेले, पण त्यांना मानणारी घरं आजही आहेत. तुमच्या नात्यातही एखादं असेल, बघ. आणि १९७० च्या दशकात शहाद्याला आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या काळात जमिनीच्या लढ्यात उतरलेल्या भिल्ल बायकांनी गावातल्या दारूच्या भट्ट्यांवर चालून जाऊन मडकी फोडली. नवऱ्याचा मार आणि रिकामी चूल सोसलेल्या बायका होत्या त्या. तुझी आई रात्री जागी असते असं तू लिहिलंस, ते वाचताना मला त्या आठवल्या. तिचं गप्प राहणं ही संमती समजू नका. काकांशी बोलणं होईल तेव्हा तिला स्वयंपाकघरात पाठवू नका, तिथेच बसवा.

देवाला दारू देणं आणि स्वतः ती सोडणं, दोन्ही तुमच्याच परंपरेत आहे. होळीचंच घे. काठी गावच्या होळीला किंवा तुमच्या पाड्याच्या होळीला ज्यांनी नवस केलेला असतो ते बावा-बुध्याचं सोंग घेऊन नाचतात, आणि त्याआधी काही दिवस पाळणी पाळतात. खाटेवर बसत नाहीत, पायात काही घालत नाहीत, बाईपासून दूर राहतात. त्यांनी खाट सोडली म्हणून देवाचा अपमान झाला असं कोणी म्हणत नाही, उलट त्यांना मान असतो. बाबांनी तीन वर्षं जे पाळलं आहे त्याला पाळणीच का म्हणू नये? काकांशी बोलताना डॉक्टरचं नाव नंतर काढ, आधी हे सांग. डॉक्टरने मना केलं म्हटलं की माणूस आजारी आणि दुबळा दिसतो. पाळतो आहे म्हटलं की तो देवीसमोर उभा राहायला लायक दिसतो.

असा प्रश्न इतर धर्मांतही आला आहे. कॅथलिकांच्या मिस्साविधीत द्राक्षाची वाइन लागतेच, तिच्याशिवाय विधी होत नाही. मग दारूच्या आजारातून उठलेल्या पाद्र्याने काय करायचं? त्यांच्या धर्मपीठाने अशा पाद्र्यांना, बिशपच्या परवानगीने, जेमतेम आंबायला लागलेला द्राक्षाचा रस वापरायची मुभा दिली आहे. ज्यूंच्या शब्बाथच्या प्यालातही वाइनऐवजी द्राक्षाचा रस चालतो. आपल्याकडे तर वाट त्याहून सोपी आहे, कारण आपल्याकडे देवाचा वाटा जमिनीवर सांडतो. तो देणाऱ्याच्या पोटातून जावा लागत नाही.

आता तू नर्सिंगची आहेस म्हणून दवाखान्याचं थोडक्यात लिहिते. पोटात पाणी होण्यापर्यंत गेलेलं लिव्हर वरून बरं दिसलं तरी आतले व्रण पूर्ण जात नाहीत. दारू न पिणं हेच त्याचं मुख्य औषध. दुसरं, बाबांना दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामच्या गोळ्या चालू आहेत का, किंवा गेल्या काही आठवड्यांत होत्या का, ते कागद काढून बघ. लिव्हर खराब असेल तर डॉक्टर सहसा ती देत नाहीत, पण घरात कधी कोणी बाहेरून आणून जेवणात मिसळतं, असंही घडतं. आईला हे नीट, न रागावता विचार. त्या गोळीवर घोटभर दारूही अंगावर उलटते. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. गोळी बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो. म्हणून ‘जिभेला लावलं तर काय होतंय’ असं कोणी म्हणालं तर तू ठाम राहा.

आणि गोळी नसली तरी, व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला घोटभर असं काही नसतं. तो घोट त्या दिवशी पचेलही. त्रास आठ-पंधरा दिवसांनी होतो, जेव्हा मन म्हणू लागतं, की तेव्हा घेतली तर काय झालं? त्यात ती देवीच्या नावाने घेतलेली असेल तर पुढच्या प्रत्येक सणाला कारण तयारच.

बाबांच्या हातून धार नको, असं मी म्हणते ते याचसाठी. पहिल्या धारेची मोहाची उग्र असते, झाकण उघडलं की वास अंगभर येतो. इतकी वर्षं प्यायलेल्या शरीराला तो वास पुरतो. शिवाय हा नवस काकांच्या तोंडून निघालेला आहे. त्यांनी बोलला, त्यांनी धार द्यावी, यात कमीपणा कुठे येतो? बाबांनी हिजारी डोक्यावर घ्यावी. नव्या धान्याची ती टोपली मान ताठ ठेवून रांगेतून देवीपर्यंत नेणं हे काही दुय्यम काम नाही. ज्या माणसाला तीन वर्षांपूर्वी चौघांनी उचलून गाडीत घातलं असेल, तो स्वतःच्या पायाने टोपली घेऊन येतो आहे. देवीला याहून वेगळं काय दाखवायचं?

हे सगळं तू एकटी सांगायला जाऊ नकोस. घरातली मुलगी, त्यात शिकलेली, म्हणजे तुझं ऐकून घेण्याआधीच उत्तर तयार असेल. तुमच्या गावच्या पुजाऱ्याकडे जा, काकांना घेऊनच जा. तिथे मत मांडू नकोस, प्रश्न विचार: ज्याने पाळणी धरली आहे त्याच्यासाठी धार भावाने दिली तर चालते का? प्यायल्याशिवाय नवस पोचतो का? घरातली लहान मुलं, आजारी म्हातारी, पाळणीतली माणसं न पिताही विधीत बसतात, हे पुजाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. मी भेटलेल्या जुन्या माणसांमध्ये दुसऱ्याला बळजबरीने पाजणारा पुजारी मला दिसला नाही. बळजबरी करतात ती सोबतची माणसं. पुजाऱ्याने हो म्हटलं की काकांची भीती निम्मी उतरेल, आणि तुझीही. दुर्दैवाने तो नाही म्हणाला, तर दुसऱ्या गावच्या जाणत्याला विचारा. बाबांना पाजायचं नाही हे मात्र त्याच्या उत्तरावर अवलंबून ठेवू नकोस.

यात्रेच्या दिवसाचं थोडं सांगते. देवमोगरा सागबारा तालुक्यात, म्हणजे गुजरातेत. तिकडे दारूबंदी आहे, आणि आपल्याकडेही घरी दारू गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हाच आहे. यात्रेच्या गाडीत कॅन भरून सीमा ओलांडू नका. पोलिसांनी अडवलं तर नवसाच्या दिवशी बाबा चौकीत बसायचे. देवीला धार पुरते, ती तिथे कशी चढवायची ते तिथल्या पुजाऱ्यांना आधी विचारून घ्या. गूळ आणि नवसागर घालून काढलेली गावठी तर देवीच्या नावाने अजिबात नको. ती मोहाचीही नाही आणि त्यात काय मिसळलेलं असेल याचा भरवसाही नाही.

यात्रा पाच दिवस चालते, पण तुम्ही सकाळी निघा आणि उजेडात परत या. मुक्काम करू नका, पिण्याची बैठक रात्री बसते. तुझ्या भावाला पुण्याहून बोलावून घे आणि दिवसभर बाबांच्या शेजारी राहायचं काम त्याला दे. श्रद्धा नसली तरी हे त्याला करता येईल, आणि काकांच्या डोळ्यांना तो पूजेत आलेला दिसेल. कोणी दोना पुढे केला तर बाबांनी दोन्ही हात जोडून ‘मी पाळतोय’ एवढंच म्हणावं आणि भावाने त्यांना चहाला न्यावं. बोकडाच्या जेवणाची पंगत वेगळी आणि पिणाऱ्यांची बैठक वेगळी, हे काकांकडून आधीच कबूल करून घे. त्यांनी एकदा शब्द दिला की तो मोडणार नाहीत, असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

एक गोष्ट मात्र करू नका. बाबांना देवीसमोर ‘यापुढे कधी पिणार नाही’ अशी शपथ घ्यायला लावू नका. कोणीतरी हे सुचवेलच, आणि ऐकायला ते चांगलं वाटेल. गुलाम महाराजांच्या आरतीत माणसं आपल्या मनाने शपथ घ्यायची. बाबांना स्वतःला घ्यावीशी वाटली तर त्यांचा हात धरू नका, पण दुसऱ्यांनी घालायची नाही. कारण व्यसन हा आजार आहे आणि त्यात माणूस कधीकधी घसरतो. देवीची शपथ मोडली या धास्तीने तो ते लपवतो, दवाखान्यात जात नाही, आणि घसरण्यापेक्षा लपवण्याने जास्त नुकसान होतं. तसं कधी झालंच तर दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, फुकट आहे, नंबर आईच्या फोनमध्येही घालून ठेव. पुन्हा रोजचं पिणं सुरू झालं असेल तर एकदम घरीच बंद करायला लावू नका. हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं यात जीव जाऊ शकतो, हे तू वॉर्डात बघितलं असशील.

तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात काका काय म्हणतात ते आहे, भाऊ काय म्हणतो ते आहे, आई बोलत नाही हेही आहे. बाबा काय म्हणतात ते कुठेच नाही. जीव त्यांचा, सोडली त्यांनी, आणि विचारलं कोणीच नाही. म्हणून पुजाऱ्याकडे जाण्याआधी, काकांकडे जाण्याआधी, एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बस आणि विचार: तुम्हाला यात्रेला जावंसं वाटतंय का? तिथे कशाची भीती वाटते? हिजारी न्याल का? ते हो म्हणाले तर वर लिहिलं तसं कर. ते म्हणाले, की यंदा मला त्या गर्दीत नको, अजून जमणार नाही, तर तेही मान्य करा. मग काकांनी आणि तुम्ही भावंडांनी जाऊन नवस फेडा, बोकड आणि धार द्या, आणि बाबांनी घरून हिजारी भरून द्यावी, स्वतःच्या शेतातलं धान्य स्वतःच्या हाताने निवडून. पुढच्या वर्षी त्यांना जावंसं वाटलं तर जातील.